वाचनालयाचा सर्व्हर नावाने उघडावा म्हणून: होस्टनेम जुळवण्याची कृती, पहिल्यापासून

एखाद्या छोट्या वाचनालयात पुस्तकांची सूची संगणकावर आली की काउंटरजवळ एक चिठ्ठी चिकटते: १९२.१६८.१.३७. देवघेव बघणाऱ्या काकू रोज तोच आकडा ब्राउझरमध्ये टाकतात. मग एके सकाळी पान उघडत नाही आणि सगळ्यांना वाटतं, सर्व्हर, म्हणजे सूची ठेवणारा संगणक, बिघडला. सर्व्हर ठणठणीत असतो, फक्त त्याचा आकडा बदललेला असतो.

बडोद्यातल्या मराठी संस्थांमध्ये संगणक सांभाळणारी माणसं बहुतेक स्वयंसेवक असतात: कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी कॉलेजात शिकणारी. त्यांच्यासाठी हा लेख आहे: आकड्याऐवजी नावाने, म्हणजे होस्टनेमने, सर्व्हर कसा उघडावा. आधीचं ज्ञान गृहीत धरलेलं नाही. उदाहरण म्हणून दांडिया बाजारातलं एक वाचनालय डोळ्यासमोर ठेवू. काउंटरवर विंडोजचा संगणक, वाचनकक्षात उबुंटूचा (लिनक्सचा एक प्रकार), कार्यवाहांकडे मॅकबुक आणि आतल्या खोलीत उबुंटूवर चालणारा सर्व्हर. सर्व्हरवर कोहा आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेलं आणि २००० सालापासून वापरात असलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर मराठी आणि गुजराती, दोन्ही पुस्तकांची सूची एकत्र ठेवू शकतं, म्हणून आपल्या शहराला ते फार सोयीचं आहे.

एक सूचना आधीच. इथे आज्ञा, फाइलींची नावं आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. संगणकावर ते सगळं इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाकायचं. मराठी कळफलक चालू राहिला आणि आकडे देवनागरीत पडले, तर ती ओळ संगणकाला समजत नाही. डोळ्यांना मात्र सगळं बरोबर दिसतं, त्यामुळे ही चूक सापडायला वेळ लागतो.

संगणक कुणाला विचारतो

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था बसवली. तेव्हापासून इथल्या वाचकाला कार्डसूचीची रीत ठाऊक आहे: नाव शोधायचं, कार्डावरचा क्रमांक घ्यायचा, मग कपाटाकडे जायचं. संगणकही तसंच करतो. तुम्ही नाव टाकता, तो त्या नावाचा आयपी आकडा (चिठ्ठीवर होता तसा) शोधतो, मग त्या आकड्याशी बोलतो.

फरक इतकाच की त्याच्याकडे सूच्या अनेक असतात आणि त्या तो ठरलेल्या क्रमाने उघडतो. ढोबळ क्रम असा: आधी स्वतःचं नाव, मग स्वतःच्या डिस्कवरची होस्ट्स नावाची फाइल, मग नुकतीच मिळालेली आणि लक्षात ठेवलेली उत्तरं, मग नेटवर्कवरचा डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावाचा आकडा सांगणारा संगणक. काही नावांसाठी तो आसपासच्या संगणकांना थेट हाकही मारतो. जिथे पहिलं उत्तर मिळेल तिथे शोध संपतो. हा क्रम डोक्यात पक्का बसवा. नाव उघडत नसेल, तर अडचण या क्रमातल्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे एवढंच शोधायचं असतं.

होस्ट्स फाइल या सगळ्यांत जुनी. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेटवर सगळ्या संगणकांची नावं एकाच मजकूर फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती सांभाळली जाई आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडली आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. जुनी फाइल मात्र प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आजही आहे, आणि तिचा मान डीएनएसच्या आधीचा आहे. चार-पाच संगणकांच्या जागी ती पुरेशी पडते.

पहिली पायरी: आकडा कायम करा

नाव देण्याआधी आकडा स्थिर हवा. राउटर प्रत्येक यंत्राला आकडा ठराविक मुदतीपुरता देतो. वीज जाऊन आली की अनेक घरगुती राउटर कुणाला काय दिलं होतं ते विसरतात आणि नव्याने वाटप करतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा शहराच्या बऱ्याच भागांत वीज बंद होती. अशा खंडानंतर सगळी यंत्रं वेगळ्याच क्रमाने सुरू होतात आणि आकडे इकडचे तिकडे होतात.

काउंटरच्या विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्या. डिफॉल्ट गेटवेसमोर जो आकडा दिसेल तो राउटरचा. तो ब्राउझरमध्ये टाकून राउटरच्या पानावर शिरा. तिथे डीएचसीपीच्या, म्हणजे आकडे वाटण्याच्या, भागात अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन किंवा स्टॅटिक लीज अशी सोय असते. जोडलेल्या यंत्रांच्या यादीतून सर्व्हर निवडा आणि त्याच्यासाठी एक आकडा राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.५०. मग सर्व्हर एकदा बंद करून चालू करा.

हाच आकडा सर्व्हरमध्येही हाताने भरता येतो. पण राउटर तोच आकडा उद्या कुणाच्या मोबाइलला देऊन टाकू शकतो. राखीव नोंद राउटरमध्येच असलेली बरी, आणि नवख्या माणसाने तीच करावी असं मी आग्रहाने सांगेन.

दुसरी पायरी: नाव निवडा

नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली छोटी रेघ एवढंच चालतं. अंडरस्कोअर नको, मोकळी जागा नको, सुरुवातीला किंवा शेवटी रेघ नको. दोन टिंबांमधला एक तुकडा ६३ अक्षरांपर्यंत चालतो. विंडोजची जुनी पद्धत १५ अक्षरांपलीकडचं नाव कापते, म्हणून त्याहून लहान ठेवा. देवनागरीत डोमेन मिळतात; .भारत २०१४ पासून नोंदवता येतं. पण आतल्या आत यंत्रणा त्याचं इंग्रजी अक्षरांतलं रूपच वापरते आणि होस्ट्स फाइलमध्ये तेच रूप लिहावं लागतं. आपल्या कामाला इंग्रजी अक्षरांतलं मराठी नाव उत्तम. आपण ग्रंथ असं नाव घेऊ: जी, आर, ए, एन, टी, एच.

शेपूट कोणतं लावायचं हे मात्र विचार करून ठरवा. पुष्कळ जण सरळ .लोकल लावतात. ते शेपूट शेजारच्या यंत्रांना हाक मारून नाव शोधण्याच्या पद्धतीसाठी राखलेलं आहे, आणि डीएनएसमध्ये तसं नाव घातलं की काही संगणकांवर ते सापडतं, काहींवर नाही. मनाने बनवलेलं शेपूटही धोक्याचं. .डेव्ह हे असंच अनेक जण घरच्या घरी वापरत होते. ते गूगलच्या मालकीचं खरं डोमेन झालं आणि २०१७ च्या अखेरीपासून क्रोम त्यावर एचटीटीपीएसची, म्हणजे सुरक्षित जोडणीची, सक्ती करू लागला. लोकांची चालू पानं बंद पडली. घरगुती जाळ्यासाठी .होम.आर्पा हे शेपूट २०१८ मध्ये अधिकृतपणे राखून ठेवलेलं आहे, आणि २०२४ पासून .इंटर्नल हेही खासगी वापरासाठी राखीव आहे. मी पहिलं घेतो. आपलं पूर्ण नाव झालं ग्रंथ.होम.आर्पा.

कोहाला दोन नावं लागतात: एक वाचकांच्या सूचीसाठी, दुसरं देवघेवीच्या पानासाठी. नेहमीच्या मांडणीत दुसऱ्या नावाला -इन्ट्रा जोडलेलं असतं, म्हणजे ग्रंथ-इन्ट्रा.होम.आर्पा. दोन्ही नावांचा आकडा एकच. आलेला माणूस कोणतं नाव घेऊन आला ते पाहून अपाचे हा पानं पुरवणारा प्रोग्रॅम पान ठरवतो. नुसता आकडा टाकला तर त्याला ठरवता येत नाही आणि तो आपल्या यादीतलं पहिलं पान दाखवतो. म्हणून इथे नावं जुळवण्यावाचून गत्यंतर नाही.

तिसरी पायरी: सर्व्हरला त्याचं नाव सांगा

सर्व्हरवर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाकायची खिडकी, उघडा. आज्ञेआधीचं सुडो म्हणजे ती प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं:

सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम ग्रंथ

मग होस्ट्स फाइल उघडा:

सुडो नॅनो /ईटीसी/होस्ट्स

वर १२७.०.०.१ लोकलहोस्ट अशी ओळ असेल. तिला हात लावू नका. खाली बहुधा १२७.०.१.१ आणि जुनं नाव असेल. या सर्व्हरचा आकडा आता कायमचा आहे, म्हणून त्या ओळीच्या जागी असं लिहा:

१९२.१६८.१.५० ग्रंथ.होम.आर्पा ग्रंथ ग्रंथ-इन्ट्रा.होम.आर्पा

आधी आकडा, मग पूर्ण नाव, मग बाकीची नावं. मध्ये मोकळी जागा किंवा टॅब. कंट्रोल आणि ओ दाबून एंटर केलं की फाइल जतन होते, कंट्रोल आणि एक्सने बाहेर. होस्टनेम बदललं पण ही ओळ राहून गेली, तर पुढे सुडो वापरताना ‘अनेबल टु रिझॉल्व्ह होस्ट’ अशी तक्रार दिसू लागते. यंत्राला स्वतःचंच नाव सापडत नसतं, एवढाच तिचा अर्थ.

चौथी पायरी: काउंटरचा विंडोज

इथे सावकाश जा, कारण नवख्यांची सगळ्यात जास्त अडचण इथेच होते.

स्टार्टमध्ये नोटपॅड शोधा, त्यावर उजवं क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. हे केलं नाही तर शेवटी जतन करताना परवानगी नाकारली जाते. नोटपॅडच्या फाइल मेन्यूतून ओपन घ्या आणि सी ड्राइव्हमध्ये विंडोज, मग सिस्टिम३२, मग ड्रायव्हर्स, मग ईटीसी असं आत जा. फोल्डर रिकामं दिसेल. घाबरू नका, खाली उजवीकडे ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’ लिहिलंय तिथे ‘ऑल फाइल्स’ करा. आता होस्ट्स दिसेल. बदल करण्याआधी तिची एक प्रत डेस्कटॉपवर काढून ठेवा.

ज्या ओळी हॅशच्या चिन्हाने सुरू होतात त्या फक्त टिपा असतात. सगळ्यात खाली, नव्या ओळीवर, सर्व्हरवर लिहिलीत तीच ओळ लिहा. एचटीटीपी लावायचं नाही, पोर्टचा आकडा लावायचा नाही, तारांकनही चालत नाही. एकाच नावाच्या दोन ओळी ठेवू नका. आकडा बदलला तर जुनी ओळ पुसून नवी लिहा.

जतन करताना ‘सेव्ह अ‍ॅज’च्या वाटेला जाऊ नका, साधं सेव्ह करा. नाहीतर नोटपॅड नावामागे टीएक्सटी जोडतं. मग फोल्डरमध्ये होस्ट्स दिसते, पण विंडोज ती वाचत नाही, कारण तिचं खरं नाव वेगळं झालेलं असतं. शंका आली तर फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूतून ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ दाखवायला सांगा आणि नाव पाहा. होस्ट्सपुढे काहीही नसलं पाहिजे. काही अँटिव्हायरस या फाइलवर पहारा ठेवतात आणि बदल अडवतात किंवा परत फिरवतात. ओळ नाहीशी झाली तर तिथे पाहा.

फाइल उघडलीच आहे तर वरच्या ओळीही वाचून घ्या. एखाद्या बँकेचं किंवा ईमेल सेवेचं नाव अनोळखी आकड्यापुढे लिहिलेलं दिसलं, तर तो संगणक सभासदांच्या वर्गणीच्या व्यवहाराला वापरू नका आणि लगेच तपासून घ्या. फसवणुकीची ही जुनी पद्धत आहे: ब्राउझरमध्ये पत्ता खरा दिसतो, पण पान भलतीकडून येतं.

आता जुनी उत्तरं पुसून टाका. कमांड प्रॉम्प्टवर:

आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस

उबुंटू आणि मॅकवर फाइल एकाच जागी आहे, /ईटीसी/होस्ट्स, आणि उघडण्याची रीत सर्व्हरवर पाहिली तीच. मात्र त्या संगणकांची स्वतःच्या नावाची ओळ तशीच ठेवा आणि आपली ओळ खाली वाढवा. मॅकवर जुनी उत्तरं पुसण्यासाठी दोन आज्ञा लागतात: सुडो डीएसकॅशयूटिल -फ्लशकॅश, आणि मग सुडो किलऑल -एचयूपी एमडीएनएसरिस्पॉन्डर. दुसऱ्या आज्ञेत एचयूपी मोठ्या अक्षरांत, आणि शेवटच्या नावातले डी, एन, एस व आर मोठे. उबुंटूवर रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस पुरतं.

पाचवी पायरी: तपासणी

आधी आकड्याला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का पाहा, मग नावाला:

पिंग १९२.१६८.१.५०
पिंग ग्रंथ.होम.आर्पा

पहिलं चाललं आणि दुसरं अडलं तर दोष नावाच्या जुळणीत आहे. पहिलंच अडलं तर केबल, वायफाय किंवा सर्व्हर पाहा. होस्ट्स फाइलमध्ये कितीही वेळ घालवलात तरी उपयोग नाही. वाचनकक्षातला संगणक पाहुण्यांच्या वायफायवर असेल तर तो सर्व्हरपर्यंत पोहोचणारच नाही, कारण ते जाळं मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. नाव तपासायला पुष्कळ जण एनएसलुकअप वापरतात. लिनक्सवाले डिग वापरतात. ही साधनं होस्ट्स फाइल वाचत नाहीत, थेट डीएनएसला विचारतात. त्यामुळे तुमची ओळ अगदी बरोबर असली तरी ती ‘असं नाव नाही’ म्हणू शकतात आणि तुम्ही चालू असलेली गोष्ट दुरुस्त करत बसाल. उबुंटूवर गेटएन्ट होस्ट्स ग्रंथ ही आज्ञा द्या (पहिला शब्द जी-ई-टी-ई-एन-टी). ती ऑपरेटिंग सिस्टिमचा पूर्ण क्रम पाळून उत्तर देते. विंडोजवर पिंगवर विसंबा.

ब्राउझरमध्ये नुसतं ग्रंथ टाकलं तर तो शब्द गूगलवर शोधला जातो. पहिल्या वेळी एचटीटीपीसकट पूर्ण पत्ता टाका आणि लगेच बुकमार्क करून काकूंच्या टूलबारवर ठेवा.

क्रम कुठे लिहिलेला असतो

उबुंटूवर हा क्रम उघड्या डोळ्यांनी वाचता येतो. /ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ या फाइलमध्ये अशी ओळ सापडेल:

होस्ट्स: फाइल्स एमडीएनएस४_मिनिमल [नॉटफाउंड=रिटर्न] डीएनएस

डावीकडून उजवीकडे वाचा. फाइल्स म्हणजे होस्ट्स फाइल. दुसरा शब्द .लोकल नावांसाठी शेजाऱ्यांना हाक मारणारा. कंसातला भाग सांगतो की शेजाऱ्यांनी नाही म्हटलं तर तिथेच थांब, डीएनएसकडे जाऊ नकोस. .लोकल टाळा असं वर म्हटलं त्याचं कारण या एका ओळीत आहे. ही फाइल वाचा, समजून घ्या, पण बदलू नका.

डीएनएस सर्व्हर कोणता, हे /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये असतं (इंग्रजीत नावाच्या शेवटी ई नाही). तिथे १२७.०.०.५३ दिसेल. हा आकडा याच संगणकात चालणाऱ्या मदतनीस प्रोग्रॅमचा आहे. खरे सर्व्हर रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस या आज्ञेने दिसतात. रिझॉल्व्ह.कॉन्फ हाताने बदलू नका. नेटवर्क सांभाळणारे प्रोग्रॅम ती फाइल स्वतः लिहितात आणि तुमचा बदल पुढच्या जोडणीला पुसला जातो. बदल करायचा तो नेटवर्कच्या सेटिंग्जमधून.

आणि तिथे बदल करताना एक गैरसमज मनातून काढून टाका. पहिला डीएनएस राउटरचा, दुसरा ८.८.८.८ (गूगलचा) दिला म्हणजे एकाकडे नाव नसलं तर दुसऱ्याकडे मिळेल, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. ‘असं नाव नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे आणि ते मिळालं की शोध थांबतो. दुसऱ्याला विचारलं जातं ते पहिला गप्प राहिला तरच. लिनक्समध्ये ठरलेली वाट पाहण्याची वेळ ५ सेकंद असते. प्रत्येक नवी साइट उघडताना तेवढाच थांबा जाणवत असेल तर यादीतला पहिला सर्व्हर बहुधा बंद आहे. शिवाय कोणता आधी विचारला जाईल याची सगळीकडे खात्री देता येत नाही. म्हणून आतली नावं ज्या सर्व्हरला माहीत आहेत तोच एक ठेवा, बाहेरच्या सर्व्हरला विचारायचं काम त्यालाच करू द्या.

मोबाइलवरून सूची बघायची असेल तर

आज ना उद्या सभासद म्हणतील, आम्हाला वाचनकक्षात बसून फोनवर सूची बघू द्या. मागणी रास्त आहे. पण साध्या अँड्रॉइड फोनवर किंवा आयफोनवर होस्ट्स फाइल बदलता येत नाही, आणि शंभर फोन हातात घेणं शक्यही नाही. तेव्हा नाव राउटरमध्ये नोंदवा. काही राउटरांत लोकल डीएनएस किंवा होस्टनेम अशी जागा असते. तिथे दोन्ही नावं आणि आकडा भरा. तुमच्या राउटरमध्ये नसेल तर सर्व्हरवरच डीएनएसमास्क हा हलका प्रोग्रॅम बसवता येतो. तो सर्व्हरची होस्ट्स फाइल वाचून सगळ्या जाळ्याला उत्तरं देतो. तुमची ओळ तिथे आधीच लिहिलेली आहे. मग राउटरच्या डीएचसीपीमध्ये डीएनएस म्हणून १९२.१६८.१.५० भरायचं. मात्र उबुंटूवर डीएनएसची जागा आधीच त्या १२७.०.०.५३वाल्या मदतनिसाने धरलेली असते, त्यामुळे डीएनएसमास्कला फक्त १९२.१६८.१.५० वर ऐकायला सांगावं लागतं. आणि सर्व्हर बंद पडला की सगळ्यांचं इंटरनेटही अडतं. राउटरमध्ये सोय असेल तर आधी तीच वापरा.

एखाद्याच फोनवर नाव उघडलं नाही तर त्याच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हेट डीएनएस पाहा. अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे. तिथे बाहेरच्या कंपनीचं नाव भरलेलं असेल तर फोन राउटरला विचारतच नाही. ‘ऑटोमॅटिक’ केलं की बहुधा काम होतं. ब्राउझरमधल्या सिक्युअर डीएनएसचंही तसंच.

राउटरमध्ये नावं नीट चालू लागली की संगणकांवर जा आणि होस्ट्स फाइलमधल्या आपण घातलेल्या ओळी काढून टाका, सर्व्हरवरची सोडून. होस्ट्सचा क्रम आधीचा आहे. उद्या सर्व्हर नवा आला, आकडा बदलला आणि राउटरमध्ये सुधारला, तरी काउंटरचा संगणक त्या विसरलेल्या ओळीतलाच जुना आकडा धरून बसेल.